गुलचांदणी स्नोवाले बाबाराव

बाबाराव साधं पाणीसुद्धा जाहिरातीशिवाय मागत नसत. "घोटागणिक तरतरी, जिवाला बहार! आण बरं एक तांब्या," अशी हाक भिंतीपलीकडून आली की आमच्या घरात खसखस पिके. मी तेव्हा परभणीत नवीन नांदायला आले होते आणि हे आमचे शेजारी. निजामाचं राज्य होतं. हैदराबादच्या एका साहेबाचा 'गुलचांदणी स्नो', म्हणजे बायकांनी तोंडाला लावायचं पांढरं मलम, बाबाराव आठवडी बाजारात विकत. ती भाषा अंगात इतकी मुरली होती, की आमच्या म्हशीलाही ते "कांती लय नाजूक हाय हिची" म्हणून गोंजारत.

या कौतुकातून एकच माणूस सुटलं होतं, त्यांची बायको अनसूया. रंगानं चांगली काळी. तिला हाक म्हणजे नुसतं "अगं ए." चारचौघांत बायकोचं नाव घेतलं तर माणसाचं हसं होई, असे ते दिवस.

"आख्ख्या बाजारातल्या बायकांचं कौतुक करायलेत," ती एकदा मला म्हणाली. "माझ्या वाट्याला 'अगं'." म्हणताना ती हसली. मला मात्र बाबारावांचा असा राग आला!

एका बाजाराला साहेब स्वतः विक्री बघायला आला. माल खपला तर सगळ्या जिल्ह्याची एजन्सी बाबारावांना मिळणार होती. ते स्टुलावर चढले.

"मायहो, आठ दिवसांत अमावस्येची पुनव! नवरा उंबऱ्यात थबकंल, सासू दृष्ट काढंल! बेगमांचं हुस्न, आता तुमच्या कोनाड्यात!"

बायकांची झुंबड उडाली. मीही एक डबी उचलली. तेवढ्यात अनसूया भाकरीचं फडकं घेऊन आली. लेकीसाठी डबी घ्यायला आलेल्या पालम गावच्या एका बाईनं तिला निरखलं.

"ही तुमचीच मालकीण न्हवं? घरात डब्याच डब्या, मग हिची अमावस्या काऊन सरंना?"

हशा पिकला. अनसूयेनं पदर तोंडावर ओढला आणि ती माघारी वळली. साहेब दातओठ खात पुटपुटला, "बोल दो, नौकरानी है."

बाबारावांनी एकदा साहेबाकडे, एकदा तिच्या पाठीकडे पाहिलं. मग स्टुलावरूनच ते ओरडले, "अनसूया! थांब!"

भर बाजारात बायकोचं नाव! बायकांनी तोंडात बोटं घातली.

"ही माझी बायकू. अनसूया," बाबाराव म्हणाले. "हिला मीच डबी लावू देत न्हाई. लावली आन् खरंच रंग उतरला, तर मी काय करू? मला हीच पायजे, अशीच."

पालमच्या बाईनं हातातली डबी खाली ठेवली. "मंग माझ्या लेकीलाबी नगं. असाच एखादा जावई बघते."

तिच्यामागं एकेकीनं डब्या ठेवल्या. मीही ठेवली. अशी ऐट वाटली म्हणून सांगू! साहेब पेट्या उचलून गेला, एजन्सीही गेली. आम्ही सगळ्या अनसूयेला मध्ये घेऊन वाजतगाजत म्हणावं तशा घरी आलो.

तिन्हीसांजेला भिंतीपलीकडून आवाज आला. जाहिरात नव्हती, काही नव्हतं.

"अनसूया, पाणी दे गं."

"काय म्हणलात?"

तिला नीट ऐकू गेलं होतं. मला भिंतीअलीकडे गेलं, तर तिला कसं जाणार नाही? बाबारावांनी पुन्हा नाव घेऊन हाक मारली.