हौदात गुडघाभर पाणी

“माझ्या हातून बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला पुन्हा बुडवावं लागत नाही,” असं एल्डर मातुराना छाती पुढे काढून सांगायचा. त्यात खोटं काही नव्हतं. त्याने आजवर एकीलाच बाप्तिस्मा दिला होता, आणि ती आठ वर्षांची किडकिडीत मुलगी होती. हा तपशील तो विचारल्याशिवाय सांगत नसे, आणि विचारत कोणी नसे.

एल्डर म्हणजे वडीलधारा. मॉर्मन पंथात घरदार सोडून दोन वर्षं धर्मप्रचाराला निघालेल्या प्रत्येक पोराला ही पदवी मिळते, मग मिसरूड फुटलेलं असो वा नसो. मातुरानाला जेमतेम फुटलं होतं. तो चिलीच्या वाळवंटातला. आता पाराग्वे नदीच्या काठावरच्या या गावात पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर नावाची काळी पाटी लावून दारोदार हिंडत होता. त्याचा जोडीदार एल्डर लुंडक्विस्ट हा अमेरिकेतल्या आयडाहोच्या बटाट्याच्या शेतावरून आलेला. दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढा उंच, आणि बोलायला कमी, कारण इथली भाषा त्याला कमी येत होती. जोडीदारांनी एकमेकांच्या नजरेआड व्हायचं नाही, असा पंथाचा नियम आहे. तेव्हा मातुराना जिथे बोलत असे, तिथे लुंडक्विस्ट गप्प उभा असे.

या दोघांच्या शिकवण्या घेऊन बाप्तिस्म्याला तयार झालेली पहिलीच बाई म्हणजे न्या देओलिंदा. न्या हा इथे थोरल्या बायकांच्या नावाआधी लावायचा मान. देओलिंदा सत्तरीच्या पुढची होती, अंगाने भरलेली, बाजारात चिपा नावाचे चीजचे पाव विकायची. तिची अडचण एकच होती. तिला पाण्याची भीती वाटायची.

तिचा मुलगा देर्लिस सोळा वर्षांचा असताना नदीत बुडाला होता. त्यानंतर तिने घोट्याच्या वर पाणी चढू दिलं नव्हतं. आंघोळसुद्धा तांब्याने करायची, तीही डोळे गच्च मिटून. नदीकाठच्या गावात राहून ती बाजाराला लांबच्या रस्त्याने जायची, कारण जवळचा रस्ता घाटावरून जात होता.

“मग कशाला हा हट्ट, आजी?” मातुरानाने एकदा न राहवून विचारलं होतं. धर्मप्रचारकाने असं विचारू नये.

“माझ्यासाठी कोण करतंय? तुम्हीच सांगितलंत ना, गेलेल्या माणसाच्या नावानं असुन्सिओनच्या मंदिरात बाप्तिस्मा करता येतो, आई-लेकरांना कायमचं एकत्र बांधता येतं म्हणून. पण आधी मी आत यायला हवी. बरोबर?”

“बरोबर.”

“किती वेळ पाण्याखाली राहायचं?”

“शिंक यायला लागते तेवढा. आणि एकदाच. माझा शब्द.”

शब्द देताना त्याला काही वाटलं नाही. वीस वर्षांच्या पोराकडे शब्द भरपूर असतात.

खरं तर काम सोपं नसतं. डोक्यावर पाणी शिंपडून भागत नाही. माणूस सगळा पाण्याखाली जावा लागतो. केस, बोट, कपड्याचं टोक, काहीही वर राहिलं तर तो बाप्तिस्मा धरत नाहीत, पुन्हा करायचं. त्यासाठी हौदाच्या काठावर दोन साक्षीदार डोळे लावून उभे असतात. मातुरानाने आदल्या दिवशी खोलीत लुंडक्विस्टला गादीवर आडवं पाडून सराव केला. सातव्या खेपेला खाटेची फळी मोडली. “बघ, पद्धत अगदी बरोबर बसली,” असं तो गादीसकट खाली गेलेल्या लुंडक्विस्टला म्हणाला.

शनिवारी सकाळी दोघांनी प्रार्थनाघरातला हौद घासला, बूच लावलं आणि नळ सोडला. पाणी आवारातल्या बोअरच्या पंपावर चढायचं. हौद भरायला अर्धा दिवस लागे. लुंडक्विस्ट म्हणाला, “आपण इथे बसू. नळ बघू.”

“नळाकडे काय बघायचं? तो पळून जाणार आहे का?” मातुराना म्हणाला. समोरच राहणाऱ्या एव्हारिस्ताने जेवायला बोलावलं होतं, आणि तिच्या मक्याच्या केकचा वास आवारात येत होता. एक जेवायला जाणार म्हणजे दुसऱ्याला जावंच लागणार. नियमाचा असाही उपयोग होतो.

एव्हारिस्ता ही देओलिंदाची जन्माची मैत्रीण. तिनेच तिला या पंथात ओढून आणलं होतं. तिच्याकडे ताट रिकामं दिसलं की ते भरलं जातं, आणि नको म्हटलं की आईची आठवण काढून भरलं जातं. दोघे उठले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. जेवताना डोक्यावरचा पंखा बंद पडलेला दोघांनीही पाहिला होता. वीज गेली की पंप बंद पडतो, हे मात्र मातुरानाच्या पोटाने डोक्यापर्यंत पोचू दिलं नाही.

हौदात गुडघाभर पाणी होतं.

तोवर माणसं जमलीसुद्धा. शाखाप्रमुख ओकांपोस आले. ते मोटरसायकली दुरुस्त करायचे. नखांतलं ग्रीस रविवारीसुद्धा निघत नसे. त्यांनी हौदात डोकावून म्हटलं, “पुढच्या शनिवारी करू.”

देओलिंदा पांढऱ्या झग्यात दारात उभी होती. वेणी घट्ट बांधलेली, ओठ पांढरे पडलेले. “पुढच्या शनिवारी मी यायची नाही,” ती म्हणाली. “चार रात्री जागून आज इथवर आले. एवढा जीव पुन्हा गोळा नाही व्हायचा.”

“माझ्या विहिरीतून बादल्या आणू,” एव्हारिस्ता म्हणाली. “दोर शोधायला लागेल. विहिरीच्या झाकणावर कोंबड्यांचं खुराडं आहे, ते हलवायला लागेल. पण पाणी आहे.”

“एवढ्याला विहीर कशाला, ताई?” मातुराना म्हणाला. “आजींना बसवून मागे झोपवतो. पाणी पुरतं. मला सवय आहे.”

लुंडक्विस्टने त्याच्याकडे पाहिलं. एका बाप्तिस्म्याची सवय किती असते, हे त्याला ठाऊक होतं. पण तो साक्षीदार होता, दुसरी साक्षीदार एव्हारिस्ता. दोघे मुकाट काठावर जाऊन उभे राहिले.

देओलिंदा पायऱ्या उतरली. पाणी घोट्याच्या वर गेलं तसं तिने मातुरानाचं मनगट असं आवळलं की त्याची बोटं बधिर झाली. तो पुटपुटत राहिला, “शाबास आजी, अजून एक पायरी.” त्याने तिला खाली बसवलं, उजवा हात उंच केला, तिचं पूर्ण नाव घेतलं, ठरलेले शब्द अक्षर न चुकता म्हटले आणि तिला मागे निजवलं.

डोकं गेलं, खांदे गेले. आणि दोन्ही गुडघे वर आले.

ती वर आली ती खोकत, हातपाय झाडत, डोळे गच्च मिटलेले. “झालं? झालं का रे?”

मातुरानाने काठावर पाहिलं. डोळ्यांनी त्याने लुंडक्विस्टला बरंच काही सांगितलं.

“गुडघा,” लुंडक्विस्ट म्हणाला. “वर होता. दोन्ही.”

“होता खरा,” एव्हारिस्ता म्हणाली. तिचा आवाज रडवेला होता. “देओलिंदा, मी तुझ्याशी खोटं नाही बोलणार.”

लोकांत चुळबुळ झाली. इथे उन्हाळ्यात कोणी बर्फाच्या पाण्याच्या थर्मासशिवाय घराबाहेर पडत नाही. त्या पाण्यात पाला भिजवून तेरेरे पितात. मागच्या बाकावरच्या एकाने उठून आपला थर्मास हौदात ओतला. दुसऱ्याने ओतला. मग सगळी रांगच लागली. ओकांपोस स्वतःचा थर्मास उलटा करून तळावर थापटत होते. या सगळ्याने पाणी बोटभरही चढलं नाही. गार मात्र पुष्कळ झालं.

“पाय लांब करा, आजी,” मातुराना म्हणाला. त्याचा आवाज आता तेवढा भरदार नव्हता. “या खेपेला होईलच.”

“तू एकदाच म्हणाला होतास.”

त्याने पुन्हा हात उचलला, पुन्हा नाव, पुन्हा शब्द. गुडघे गेले. पण झग्यात हवा भरली आणि तो पोटावर तंबूसारखा फुगून वर आला. मातुराना एका हाताने आजीला धरून दुसऱ्या हाताने झगा दाबायला गेला. एक बाजू खाली गेली की दुसरी वर येई. दुसऱ्या कुठल्या दिवशी लोक पोट धरून हसले असते. आज कोणी हसलं नाही, कारण आजी पाण्याखालून दोन्ही हातांनी त्याचा शर्ट ओढत होती.

तिला वर काढून पायरीवर बसवलं तेव्हा तिचे दात वाजत होते. डोळे अजून मिटलेलेच. एव्हारिस्ताने तिला टॉवेलात गुंडाळलं. मातुराना पाणी निथळत काठाशी आला आणि लुंडक्विस्टच्या कानाशी कुजबुजला, “झालं म्हण. फक्त कापड होतं. तिच्याकडे बघ तरी.”

“मी बघितलं,” लुंडक्विस्ट म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. “मला पण नको आहे, ती पुन्हा पाण्यात. पण मी बघितलं.”

“देवाला कळतं रे. तो काय झगा मोजत बसणार आहे?”

“देवाला कळतं,” लुंडक्विस्ट म्हणाला. “म्हणून तर.”

“काय कुजबुजताय?” देओलिंदाने पायरीवरून विचारलं. म्हाताऱ्यांचे कान नको तेव्हा चांगले असतात. “झालं म्हणायला सांगतोयस त्याला?”

मातुराना काठापासून मागे सरला.

“माझ्या पोराचं सगळं यावर टांगलंय,” ती म्हणाली. “मी वर जाऊन त्याला काय सांगू, की तुझी आई पोटापर्यंतच आली? मला दया नको, पोरा. मला पाणी दे.”

मातुराना हौदातून बाहेर आला. ओला, अनवाणी, तसाच रस्ता ओलांडून तो एव्हारिस्ताच्या परसात गेला आणि त्याने स्वतःच्या हातांनी कोंबड्यांचं खुराडं उचललं. कोंबड्यांनी त्याच्या पांढऱ्या कपड्यांवर दया केली नाही. दोर सापडेना तेव्हा ओकांपोसांनी मोटरसायकली ओढायचा दोर आणला. लुंडक्विस्टने पाणी शेंदलं. बटाट्याची पोती उचललेले हात होते, थकत नव्हते. विहिरीपासून हौदापर्यंत माणसं उभी राहिली आणि बादल्या हातोहात निघाल्या. कोणी मातुरानाला काही बोललं नाही. बोलले असते तर त्याला बरं वाटलं असतं. एवढ्या माणसांनी तासभर उपसलेलं पाणी आपण दुपारी एका वाक्यात नको म्हणालो होतो, हे त्याला प्रत्येक बादलीगणिक कळत होतं.

पाणी कमरेला आलं तेव्हा एव्हारिस्ताने झग्याच्या घेरात परसातले लहान दगड शिवून टाकले होते.

“आजी,” मातुराना पायरीवर तिच्या शेजारी बसून म्हणाला, “मी दिलेला शब्द चुकीचा होता. मला येत नव्हतं तेच मी येतं म्हणून सांगितलं. आताही होईलच असं मी सांगत नाही.”

“आत्ता कसं वडीलधाऱ्यासारखं बोललास,” ती म्हणाली आणि उठली.

या खेपेला तिने त्याचं मनगट आवळलं नाही, नुसतं धरलं. त्याने शब्द म्हटले. तो तिच्याबरोबर खाली वाकला. डोकं, खांदे, झगा, पाय, वेणीचं टोक, सगळं पाण्याखाली गेलं.

त्याने तिला वर उचलू पाहिलं. ती येईना.

त्याने पुन्हा ओढलं. तिने अंग सोडून दिलं होतं, वजन होतं तसं खालीच. एव्हारिस्ता किंचाळायच्या बेतात होती. लुंडक्विस्टने एक पाय हौदात टाकलाही. मातुरानाने वाकून पाहिलं तर पाण्याखालून आजी त्याच्याकडे बघत होती. डोळे टक्क उघडे.

मग ती आपणहून वर आली. खोकली नाही, तोंडसुद्धा पुसलं नाही.

“सगळी,” लुंडक्विस्ट म्हणाला.

“सगळी गं बाई, सगळी,” एव्हारिस्ता म्हणाली.

देओलिंदाचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. “आत काही ऐकू येत नाही रे,” ती मातुरानाला म्हणाली. “अगदी शांत असतं. मला इतकी वर्षं वाटायचं, माझं लेकरू शेवटपर्यंत ओरडत राहिलं आणि मला ऐकू आलं नाही.”

ओकांपोस हातातली रिकामी बादली खाली ठेवायची विसरले.

“आणखी एकदा जाऊ दे मला,” ती म्हणाली.

मातुरानाने गोंधळून काठावर पाहिलं. झालेला बाप्तिस्मा पुन्हा द्यायचा नसतो, एवढं त्याला माहीत होतं.

“शब्द नको म्हणू,” लुंडक्विस्ट म्हणाला. “नुसतं जाऊ दे.”

मातुरानाने तिला आधार द्यायला शिकल्याप्रमाणे एक हात पुढे केला, दुसरा तिच्या पाठीशी नेला. देओलिंदाने ते दोन्ही हात हळूच बाजूला सारले, एक श्वास घेतला आणि आपली आपणच खाली गेली. तो हात तसेच धरून तिच्या शेजारी उभा राहिला.