रंगनाथ दिवटे यांच्या मरणावरची हरकत

गगनधराच्या उगमपटाची फेरतपासणी निघाल्याची नोटीस लागली, तेव्हा सिंधूबाई दिवटे यांनी आपल्या नवऱ्याच्या मरणावर लेखी हरकत नोंदवली. अर्ज मुदतीत आला होता, त्यामुळे तो घ्यावाच लागला.

नियम सगळ्यांना ठाऊक होता. उडणाऱ्या, भिंती फोडणाऱ्या किंवा अदृश्य होणाऱ्या प्रत्येक महावीराचा एक उगमपट असावा लागतो. तो मुळात घडला कसा, हे त्या सिनेमात अडीच तासांत दाखवलेलं असतं. ज्याला उगमपट नाही त्याला उडण्याचा परवाना मिळत नाही. दर सात वर्षांनी हा सिनेमा टाउन हॉलमध्ये पुन्हा दाखवतात, नागरिकांकडून सुधारणा मागवतात, आणि समितीने मंजूर केलेली सुधारणा मागील तारखेपासून लागू होते. मागच्या फेरीत गगनधराच्या बहिणीच्या लग्नाचं गाणं फारच रटाळ आहे म्हणून लग्नासकट कापलं, तेव्हा घरात पेपर वाचत बसलेले जावई गोंधळून उठले आणि 'चुकून शिरलो वाटतं' म्हणत माफी मागू लागले. घरच्यांनी अनोळखी पाहुण्याला देतात तसा त्यांना चहा दिला आणि बार्शीच्या गाडीत बसवून दिलं.

रंगनाथ दिवटे नगरपालिकेत व्हॉल्व्हमन होते. लांब किल्लीने एकेका पेठेचं पाणी सोडायचं आणि बंद करायचं, हे त्यांचं काम. सिनेमात ते अठ्ठेचाळीस सेकंद होते. पाणीपट्टी विभागातला कारकून मिलिंद तरटे पाहणीसाठी जुन्या टाकीवर चढतो, टाकी खचू लागते, रंगनाथ धावत वर जाऊन त्याला बाहेर ढकलतात आणि स्वतः टाकीबरोबर खाली जातात. त्या दुःखाने मिलिंद जमिनीपासून चार फूट वर उचलला जातो आणि पुढे गगनधर होतो. शेवटच्या नामावलीत रंगनाथांचा उल्लेख 'पाणी सोडणारा इसम' असा होता.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली होती. मागच्या फेरीत सिंधूबाई अजून सावरल्या नव्हत्या, त्यात मुदत हुकली, आणि सात वर्षं त्या स्वतःला बोल लावत राहिल्या. या वेळी त्यांचा अर्ज पहिला होता. मागणी एका ओळीची होती: 'प्रसंग क्रमांक चौदामध्ये माझे मालक टाकीवर चढू नयेत व घरी यावेत.'

सुनावणीला गर्दी होती. समितीचे अध्यक्ष गोवंडे सर निवृत्त मुख्याध्यापक. सिनेमासुद्धा ते लाल पेन घेऊनच पाहत. एका शिंप्याने गगनधराचा शेला दीड फुटाने कमी करण्याची सूचना मांडली, ती टिपून घेतली गेली. खलनायक मध्यंतरानंतर येतो, तो आधी यावा, असं बऱ्याच जणांचं म्हणणं होतं. गगनधर स्वतः कोपऱ्यात हजर होता. त्याला खुर्चीत बसणं आता जमत नसे, म्हणून तो खुर्चीच्या वीतभर वर बसला होता.

"तुमची मागणी मान्य केली," गोवंडे सर सिंधूबाईंना म्हणाले, "तर गगनधर उडेल कशाच्या जोरावर?"

"त्ये त्याचं त्यो बघंल. माजा मानूस गेलाय, सर."

"काकूंचं बरोबर आहे," मिलिंद वरून म्हणाला. "माझी काही हरकत नाही. मी पाणीपट्टीत परत जाईन. तसाही मला या उडण्याचा..."

"आपण लाभार्थी आहात," सर म्हणाले. "आपलं मत धरता येत नाही."

मग सरांनी चष्मा काढला. "खरं सांगू का, बाई? मी हा सिनेमा अकरा वेळा पाहिला. तुमचे यजमान जातात तेव्हा मला काहीच होत नाही. हा मोठा दोष आहे, आणि तो तुमच्या अर्जामुळे उघड झाला. हा माणूस कोण, कसा, काही कळतच नाही हो."

सिंधूबाईंना एकदम उजेड दिसला. यांना ठाऊकच नाही, म्हणून यांचा हात धजावतो. एकदा माणूस ओळखीचा झाला की त्याला मारायला कोण तयार होईल?

त्या बोलायला लागल्या. रंगनाथ पाणी सोडताना शीळ घालत, हे त्यांनी सांगितलं. कुणाच्या दारात मांडव असला तर दहा मिनिटं जास्त पाणी सोडत, हेही सांगितलं. हे खरं होतं, पण एवढ्याने संपतही होतं. बाकीचे रंगनाथ जरा अवघड होते. राग कायम नाकावर. भाजीत मीठ कमी पडलं की ताट सरकवायचे. बायकोला हाक मारायची ती 'ए भवाने' अशी, चारचौघांत सुद्धा. बावीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिला एकदाही सिनेमाला नेलं नाही, आणि टाकीवर गेले त्या दिवशी सकाळी भांडून, एक शब्द न बोलता दाराबाहेर पडले. पण असल्या माणसाला जिवंत करायला समिती कशाला बसेल? सिंधूबाईंनी ते सगळं पोटात ठेवलं. निवेदन टिपून घेणारे समितीचे कारकून कुरणे यांचं पेन चालताना दिसलं, तसा त्यांना धीर आला आणि त्या रचून सांगू लागल्या.

"दर शनवारी सोनचाफा आनायचे. कदी आवाज चढवून बोलले न्हाईत. त्या दिवशी सुदिक उंबऱ्यातनं मागं फिरले. म्हनले, सिंधू, उपाशी ऱ्हाऊ नगं, मी आलोच."

हॉलमध्ये नाकं ओढल्याचे आवाज आले. शिंप्याने उघड उघड डोळे पुसले. गोवंडे सरांनी चष्मा दोनदा पुसला, तरी त्यांना समोरचा कागद दिसेना. सिंधूबाईंचा जीव भांड्यात पडला. त्या रात्री त्या नऊ वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवल्या.

शनिवारी निकाल वाचून दाखवण्यात आला. अर्ज अंशतः मंजूर. अर्जदारांच्या निवेदनानुसार पात्रपरिचयाची अकरा मिनिटं वाढवण्यात येत आहेत. त्यामुळे सदर मृत्यू आता मनाला भिडतो. सबब तो कायम ठेवण्यात येत आहे. अंमल मंगळवारी सकाळी अकरापासून, मागील तारखेने.

"अवो, पन मी त्यो वाचावा म्हनून सांगितलं!" सिंधूबाई ओरडल्या.

"म्हणूनच तर इतकं वाईट वाटलं, बाई," गोवंडे सर अगदी मनापासून म्हणाले. "आम्ही सगळेच रडलो. सिनेमाला जे हवं होतं, ते तुम्ही दिलंत."

कुरणे तीस वर्षं त्याच टेबलाशी होते. त्यांनी सिंधूबाईंना व्हरांड्यात गाठलं. "वहिनी, तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. निवेदनात आलंय तेवढंच राहतं. बाकीचं निघतं."

"बाकीचं म्हंजे?"

"म्हणजे दिवटे जसे होते ते."

सिंधूबाईंनी त्यांच्या हातातली फाइल धरली. "मग लिवा की आता खरं! तापट व्हता, शिवराळ व्हता, लिवा!"

"निवेदन बंद झालं." कुरण्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "एक वाट आहे. गुरुवारी मी समाधानपत्रावर सही घ्यायला येईन. त्यात 'पात्रातील उणीव' असा रकाना असतो. अंमल झाल्यानंतर त्यात एक जरी उणीव तुम्ही भरलीत, तर सिनेमा सदोष ठरतो आणि फाइल पुन्हा उघडते. एकच धरून ठेवा, वहिनी. जास्त धरायला जाऊ नका, सगळंच सुटेल."

कुठली धरावी, याचा सिंधूबाईंनी दोन दिवस विचार केला. ज्या गोष्टींनी बावीस वर्षं जीव नकोसा केला, त्या आता एकेक करून सोडायच्या होत्या, आणि एकही सोडवेना. सरकवलेलं ताट त्यांनी रविवारी सोडलं, तेव्हा त्या हमसून रडल्या. सोमवारी बाकीचं सोडलं. शेवटी त्यांनी 'ए भवाने' ठेवलं, कारण ते लहान होतं आणि त्याला रंगनाथांचा आवाज होता. हातावर पेनाने लिहिलं, कॅलेंडरच्या मागे लिहिलं. मंगळवारी सकाळी अंघोळ करून त्या दारात बसल्या आणि अगदी त्यांच्या सुरात, शेवटचं अक्षर ओढून, म्हणत राहिल्या. शेजारणीने विचारलं, काय झालं? त्यांनी हातानेच तिला थांबवलं. अकराला पाच कमी असताना त्या मोठ्याने म्हणत होत्या.

अकरा वाजले. ओठ हलत होते ते हळूहळू थांबले. सिंधूबाईंनी हाताकडे पाहिलं, हात स्वच्छ होता. आपण दारात का बसलोय ते त्यांना कळेना. ऊन बरंच वर आलं होतं. त्यांना नवऱ्याची आठवण आली आणि इतका गोड माणूस देवाने का नेला, म्हणून त्या रडल्या.

संध्याकाळपर्यंत पेठेतली निम्मी माणसं भेटून गेली. सिनेमा पाहून सरळ इकडेच आलेले बरेच जण होते. असा माणूस होणे नाही, असं सगळे म्हणत होते आणि सिंधूबाई मान हलवत होत्या. मिलिंद छपरावरून उतरला, पण जमिनीला टेकला नाही. 'काकू' एवढंच म्हणून तो तिथेच तरंगत राहिला. तो पूर्वीपेक्षा चांगला दोन फूट जास्त उंच उडत होता. दुःख वाढल्यामुळे तसं होतं, असं त्याने सांगितलं.

गुरुवारी कुरणे आले. फाइलच्या कव्हरवर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'दिवटे वहिनींना उणीव विचारणे. आग्रह धरणे.' असं आपण का लिहिलं ते त्यांना आता आठवत नव्हतं. पण लिहिलेलं पाळणारा माणूस होता तो.

"वहिनी, या रकान्यात काहीतरी भरा."

"काय भरू?"

"दिवट्यांची एखादी उणीव. कसलीही."

"त्यांच्यात?" सिंधूबाईंना हसू आलं, आणि हसतानाच त्यांचा चेहरा उतरला. कसलीतरी घाई त्यांच्या छातीत उठली. आपल्या हातात काही होतं आणि ते आत्ताच, या इथेच कुठेतरी सांडलं, असं त्यांना वाटत राहिलं.

"आठवा, वहिनी," कुरणे म्हणाले. "कधी बोलले असतील. कधी रुसले असतील. बावीस वर्षं होती."

सिंधूबाईंनी डोळे मिटले. त्या खरोखरच आठवू लागल्या. कुरण्यांनी चहा घेतला, दुसरा घेतला, पंखा लावा म्हणाले, मग बंद करा म्हणाले. ऊन उंबऱ्यावरून सरकून रस्त्यावर गेलं. बाईंच्या कपाळावर घाम आला होता आणि त्या दोन्ही हातांनी पदर पिळत होत्या. कुरणे थांबले. कार्यालय सुटायची वेळ झाली तरी ते थांबले.

मग सिंधूबाईंनी डोळे उघडले, पेन घेतलं आणि रकान्यात लिहिलं: 'आढळली नाही.' खाली सही केली.