पाटीवरचा 'वि'

नाना हवालदारांचा कुणावरही विश्वास नव्हता. चहा दिला, तर पहिला घोट मला घ्यायला लावायचे. पोस्टमनने पाकीट दिलं, तर आधी उन्हात धरून कुणी उघडलंय का ते बघायचे. नद्यांच्या नावांवर तर त्यांची खास नजर. उरमोडी घ्या, तारळी घ्या, नावामागची गोष्ट कुणी सांगितली की डोळे बारीक करून विचारायचे, "तवा तुमी हुता का तितं?"

मी साताऱ्याहून या डोंगरखोऱ्यात मास्तर म्हणून आलो, तेव्हा दुष्काळी कामातून ओढ्यावर नवा पूल झाला होता. पाटी रंगवायचं काम माझ्याकडे आलं. गावाने नाव सांगितलं, 'हिरीचा ओढा'. इकडे विहिरीला हीर म्हणतात, हे मला ठाऊक. शुद्धलेखनाचा मला कोण अभिमान! मी ऐटीत रंगवलं, 'विहिरीचा ओढा'.

दुसऱ्या दिवशी नाना दारात. "हीर कुटं हाय, दावा." विहीर खरंच नव्हती. बुजली असेल, म्हटलं. "ह्यात कायतरी काळंबेरं हाय," म्हणून ते निघून गेले.

आठवड्याने कुणीतरी पाटीवरचा 'वि' खरवडला. मी पुन्हा रंगवला. पुन्हा गेला. आता मलाच सगळ्या गावाचा संशय येऊ लागला. वर्गातल्या पोरांची नखंसुद्धा तपासून झाली. शेवटी एका सकाळी करंजाच्या आड दबा धरून बसलो, तर विळा घेऊन नाना आले आणि 'वि' खरवडू लागले.

"नाना, शुद्ध मराठीनं तुमचं काय घोडं मारलंय?" मी चिडूनच विचारलं.

ते दचकले. मग कठड्यावर टेकले.

"गुरुजी, हिरी बाईमानूस हुती. मी पलटनीत. माजं पत्र गावात येईस्तवर तिला दम निघायचा न्हाई, म्हून रोज हितं पोस्टमनची वाट बगत बसायची. लोक मग वढ्यालाच हिरीचा म्हनाय लागलं. मी रजेवर आलो, तवा तिला जाऊन चार म्हयनं झालं हुतं. ती गेल्याचं पत्र मला पोचलंच न्हाई."

"तुमची कोण?"

बायकोचं नाव चारचौघांत न घेणारा माणूस. माझ्या नुसत्या प्रश्नानेच लाजला. "घरातलं मानूस," ते पाण्याकडे बघत म्हणाले. "तिचं नाव घेनारं आता मी आन् ह्यो वढा, दोगंच."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उरलेला 'वि' मीच काढतो म्हणून विळ्यासाठी हात पुढे केला. नानांनी विळा पाठीमागे लपवला.

"नगं. तुमी आनखी कायतरी शुद्ध कराल."

मग ते सावकाश खरवडत राहिले, आणि मी पाटी हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो.