वायफायचं वाण

कुलदीपच्या ऑफिसचा लॅपटॉप घरच्या वायफायला काही केल्या लागत नव्हता, आणि पडद्यावर फिरणाऱ्या त्या चकरीत अन्नपूर्णाबाईंचा जीव अडकला होता. दुपारची मीटिंग नीट झाली, तर पोरगा पोळ्यापर्यंत मोताळ्यातच राहून काम करणार होता. नाही झाली, तर संध्याकाळी मलकापूरहून पुण्याची गाडी. बॅग त्याने अजून उघडलीच नव्हती. बाईंचा एक डोळा चकरीवर, दुसरा बॅगेवर.

वायफाय घेतलं होतं तेच मुळी तो यावा म्हणून. वायफायचा डबा देवघरात, बाळकृष्णाच्या शेजारी.

"आई, याच्यावर कुंकू काऊन?"

"नव्या वस्तूले लावतात बापा. तुह्या लॅपटॉपले बी लावू?"

"नको!"

कुलदीपचे वडील महादेवराव खुर्चीतून म्हणाले, "माह्या मोबाइलवर तं बैलांचा व्हिडिओ सुसाट चालून राह्यला. तुह्याच यंत्रात खोट आहे बे."

कुलदीपने लॅपटॉप बंद करून चालू केला. ऑफिसातल्या मुलाने फोनवर सांगितलं ते सगळं केलं. शेवटी त्या मुलाने, घरातल्या मोठ्या माणसांना विचारून पाहा, असा सल्ला दिला.

तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारच्या झुंबरबाईंचा आवाज आला, "अन्नपूर्णाबाई, तुमचं नेट आज रखडून काऊन राह्यलं? मालिकेतली सासू जिन्यावरून पडून राह्यली, खाली येतच नाई!"

कुलदीपने हळूच मान वळवली. "आई, यायच्याकडे आपला पासवर्ड?"

बाईंनी पदर सारखा केला. "संक्रांतीले वाण म्हणून देला. दरवर्षी काय त्याच वाट्या न तेच कंगवे! तिळगुळासंगं एकेकीले चिठ्ठी देली."

"कितीजणींले?"

"आल्या तेवढ्यांले. वाण काय मोजून देतात?"

कुलदीपने कपाळ धरलं. "हा डबा काळीपिवळी जीप नाई आई, की टपावर बी बसवता येईन. सारा भरला. आता पासवर्ड बदलतो."

"खबरदार! देलेलं वाण वापस घेतलं तं पुढच्या संक्रांतीले कोणतं तोंड दाखवू?"

"मंग मी संध्याकाळी निघतो."

बाईंनी बॅगेकडे पाहिलं आणि चपला न घालताच गल्लीत निघाल्या. दारोदार एकच बोलणं, "माह्या कुलदीपची मीटिंग आहे. जरा वेळ नेट सोडता का बाई?"

बायांनी नेट सोडलं. पण कुलदीप आला म्हटल्यावर त्याला पाहायला सगळ्याच आल्या. झुंबरबाईंनी परात धरली, तिच्यात एकेकीचा बंद फोन पडला. सिंधूताईंनी खात्रीसाठी टीव्हीचा रिमोटही टाकला. आणि लॅपटॉप लागला!

कुलदीपने खोलीचं दार लावून घेतलं. बाहेर बाया हातात काहीच नसल्यामुळे एकमेकींशी बोलायला लागल्या. अन्नपूर्णाबाई दाराला कान लावून उभ्या.

"काय म्हणून राह्यला?" झुंबरबाईंनी विचारलं.

"काय की बाई. पण आवाज त्याचाच आहे."

मीटिंग पार पडली. "आई, जमलं. राहतो पोळ्यापर्यंत." बाईंनी स्वतःच बॅग उघडून कपडे कपाटात लावले. परातीतले फोन आपापल्या घरी गेले, पण लॅपटॉपने आता डब्यात, एसटीत रुमाल टाकल्यासारखी जागा धरली होती.

मग ते दार सकाळी लागायचं ते अंधार पडल्यावरच उघडायचं. ताट आत जायचं, रिकामं बाहेर यायचं. पुण्यात होता तेव्हा जेवताना फोन तरी करायचा. आता दाराच्या फटीतून मायलेकाचं बोलणं एवढंच, "भाजी देऊ?" "श्शू."

एका दुपारी बाईंनी चुलीवर भाकर टाकली, वांग्याच्या भाजीला फोडणी दिली. मग देवघरात जाऊन बाळकृष्णाला हात जोडले आणि त्याच हाताने डब्याचं बटण दाबलं.

कुलदीप कानातलं काढत स्वयंपाकघरात आला. "आई, नेट गेलं."

"लाइट गेली," बाई तव्याकडे पाहत म्हणाल्या.

डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. कुलदीपने पंख्याकडे पाहिलं. मग आईकडे. तिने भाकर उलटली, ती गरज नसताना पुन्हा उलटली.

त्याने पाट ओढला. "हाव. लवकर यायची नाई वाटते."

बाईंनी ताट वाढायला घेतलं, तोच भिंतीपलीकडून हाक आली, "अन्नपूर्णाबाई, नेट—"

"लाइट नाई काकू!" तोंडातल्या घासासकट कुलदीप ओरडला.