उशिराची आखाजी

प्रल्हादअण्णांच्या दारावर आकाशकंदील लागायचा, तेव्हा बाकी गल्लीचे कंदील माळ्यावर गेलेले असायचे. संक्रांतीचा तिळगूळ ते अशा दिवशी घेऊन येत की तिळाचं नाव काढलं तरी घरातली मुलं पळत. एका वर्षी, सगळ्यांच्या अंगावरचा रंग धुऊन निघाल्यावर, एका साध्या मंगळवारी त्यांनी दूधवाल्याच्या कपाळाला गुलाल लावला. दूधवाला म्हणाला, "अण्णा, आज क्या है?"

"होली," अण्णा म्हणाले. "जरा लेट चल रही है."

बऱ्हाणपुरात लालबागेतल्या त्या गल्लीत मी त्यांचा शेजारी होतो. ती गल्ली सोडून आता काही वर्षं झाली. अजूनही सण आला की मला त्यांची आठवण होते, आणि सण संपून गेला की जास्त होते.

अण्णांची सगळी नोकरी बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत गेली. "सणाच्या दिवशी मी माणसांची तोंडं पाहिलीच नाहीत, खिडकीतून आत आलेले हात पाहिले," ते सांगत. आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य येई, "गर्दी उतरू द्या. सण कुठं पळून जातो?" गर्दी उतरली की फुलवाली निवडून फुलं देते, शिंपी मापाचं शिवतो आणि देवालाही आपल्याकडे बघायला सवड मिळते, असं त्यांचं म्हणणं. हलवायाकडे ते दराबा घ्यायला गेले की तो हातातलं काम थांबवून विचारी, "कौन सा त्योहार, अण्णा?"

"पिछलेवाला."

कमलकाकूंचं निदान वेगळं होतं. "आमच्या लग्नात ह्यांची वरात फोपनारच्या रस्त्यात अडकली अन् मुहूर्त टळला. तेव्हापासून ह्यांना तीच गोडी लागली." काकू असं म्हणत, आणि कढई मात्र अण्णांच्याच तारखेला चुलीवर चढवत.

खऱ्या सणाच्या दिवशी अण्णा बनियनवर ओट्यावर बसून पेपर वाचत. येणारा-जाणारा विचारी, "काय अण्णा, रेखा आली का?" रेखा ही त्यांची एकुलती एक मुलगी. अण्णा पेपरातून डोकं न काढता म्हणत, "आमचा सण कुठं आलाय अजून?" विचारणारा हसत पुढे जाई.

आमच्या भागात अक्षय तृतीयेला आखाजी म्हणतात. तो लेकींचा सण. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात. गल्लीच्या मागच्या मोकळ्या जागेत एक कडुनिंब होता, त्याला झोका बांधला जाई. धूलकोटहून, जैनाबादहून मुली येत. आमरसाने सुस्तावलेल्या बायका निंबाखाली बसत, दोघी-दोघी पाटावर उभ्या राहून झोका चढवत, गाणी म्हणत, आणि दोन गाण्यांच्या मधे सासवांचा समाचार घेत. इतके मोकळे आवाज त्या गल्लीत वर्षभरात दुसऱ्या कुठल्या दिवशी ऐकू येत नसत. मुली परत गेल्या की झोका उतरे. मग अण्णा माझ्याकडे शिडी मागायला येत आणि त्याच फांदीला आपला दोर बांधत. त्यानंतर रेखा येई, एक दिवस राही आणि जाई.

एका वर्षी यात अडथळा आला. शेजारच्या शोभावहिनींची ज्योती आखाजीला आली ती परत जायचं नाव घेईना. नवरा ट्रेनिंगला गेला होता, तिला घाई नव्हती. अण्णांना होती. ते रोज सकाळी त्यांच्या ओट्यापाशी जाऊन विचारत, "कधी निघतेस, बेटा?" आणि न विचारता गाड्यांच्या वेळा सांगत. एकदा तर तिची बॅग स्टँडपर्यंत पोहोचवायला आले. तिने ती भरलीही नव्हती.

शेवटी एका दुपारी अण्णा फांदीवर दोर टाकत होते आणि मी खाली शिडी धरून होतो, तेव्हा शोभावहिनी कमरेवर हात ठेवून आल्या.

"अण्णा, साफ सांगा. माझी लेक तुमच्या ताटातलं खाऊन राह्यली का?"

अण्णा गाठ आवळत राहिले. झोक्याचा पाट पुसत बसलेल्या काकू म्हणाल्या, "आज संध्याकाळी रेखा येऊन राह्यली, शोभा."

"मग येऊ द्या ना. दोघी संगं झोका घेतील."

"तिनं सासर सोडलं, त्या साली ती आखाजीलाच आली होती. इथंच निंबाखाली सगळ्यांनी विचारलं, जावई घ्यायला कधी येतात, तू कधी जाते. कोणी वाईट मनानं नाही विचारलं. पण ती त्याच पावली निघून गेली. दिवाळीला फोन केला तर म्हणे, गल्ली भरलेली असेल, मी नाही येत. तेव्हा हे म्हणाले, रिकामी झाल्यावर ये. आपण तेव्हा दिवाळी करू."

काकूंनी फडकं पिळलं. "गर्दीचा ह्यांना कधी त्रास नव्हता. खिडकी सोडली त्या दिवशी रडले होते."

शोभावहिनींचे हात कमरेवरून खाली आले. "आधी सांगायचं ना, वहिनी," एवढंच म्हणून त्या घरात गेल्या. थोड्या वेळाने त्यांच्या मागच्या दाराबाहेरच्या चपला आत गेल्या, खिडक्या लागल्या, कूलर बंद झाला. वैशाखात बऱ्हाणपुरात कूलर बंद करून बसणं म्हणजे काय, ते तिथे राहिलेल्यालाच कळेल.

ऊन उतरल्यावर रेखा रिक्षातून आली. ती खंडव्याला एका दवाखान्यात नोकरी करत होती. गल्लीवरून एकदा नजर फिरवून ती मागे आली आणि पाटावर बसली. मी माझ्या मागच्या दारातून शिडी आत घेत होतो. अण्णा हलक्या हाताने झोका देऊ लागले.

"सगळ्या गेल्या का, अण्णा?"

"गेल्या."

"ज्योतीपण?"

"सकाळच्या गाडीनं."

तेवढ्यात शोभावहिनींच्या बंद घरात कुकरची शिट्टी झाली. पाठोपाठ दुसरी.

रेखाने पाय टेकवून झोका थांबवला. अण्णा वर गाठीकडे बघू लागले. रेखा मात्र त्या लावलेल्या खिडक्यांकडे, बंद कूलरकडे, चपला नसलेल्या उंबऱ्याकडे बघत होती. तिसरी शिट्टी झाली. मग ती मोठ्याने म्हणाली, "शोभामावशी, भात लागेल. गॅस बंद करा."

आत एक भांडं पडलं. दार उघडलं आणि ज्योती घामाने निथळत बाहेर आली. निंबापाशी येऊन ती उभी राहिली. तिने काही विचारलं नाही. रेखा पाटावर थोडी सरकली.

अण्णांनी एकदा फांदीकडे पाहिलं, दोन्ही हातांनी दोर धरला आणि म्हणाले, "घट्ट धरा गं."