वाडगाभर फळांचं चित्र

नात सांभाळणं आणि चित्र रंगवणं ही दोन्ही कामं मी एका वेळी करू शकते, असं मी लेकीला छातीठोकपणे सांगितलं. "तू बिनघोर ऑफिसला जा! तुला वाढवताना नाही का मी शंभर चित्रं काढली?"

"म्हणून तर काळजी वाटते," असं म्हणून लेक गेली.

पाच वाजता प्रदर्शनवाले गृहस्थ चित्र बघायला येणार होते. याआधी तीनदा त्यांनी माझी फळं नापास केली होती. "सुंदर आहेत, पण बाजारातल्यासारखी," म्हणे! साठी आली माझी. आता नाही तर कधी? वाडग्यात दोन केळी, एक पेरू, तीन सफरचंदं मांडली होती. चित्र जवळजवळ झालं होतं, सावल्या तेवढ्या राहिल्या होत्या. चार वर्षांची भिंगरी टेबलाखाली बाहुलीला निजवत होती.

सावल्या बघायच्या तर डोळे किलकिले करावे लागतात. बारीकसारीक दिसेनासं होतं, उजेड आणि अंधार तेवढा उरतो. मी डोळे किलकिले केले आणि (वय झालं की होतं असं!) विचारात पडले. घर कसं भरलेलं होतं! मग लेक सासरी गेली. नोकरी संपली. पाठोपाठ दोन दाढा गेल्या. आयुष्य म्हणजे एकेक गोष्ट कमी होत जाणं, दुसरं काय!

आणि काय सांगू, वाडग्यातही मला कमी कमी दिसायला लागलं! एक केळं विरघळलं. पेरू मावळला. माझ्या अंगावर काटाच आला. दिसतं तेच रंगवायचं, हा माझा एकुलता एक नियम. गुरू नसला की नियमही घरीच करावे लागतात. रंग ओला होता. फडक्यानं एकेक फळ पुसत सुटले. एका सफरचंदाला चंद्रकोरीसारखी खाच दिसली, तीही रंगवली. अशी दृष्टी म्हणे फार थोड्यांना लाभते!

फोन वाजला. लेक.

"आई, भिंगरी काय करतेय?"

"अगदी शांत आहे गं."

"शांत? आई, आधी उठून बघ!"

डोळे सताड उघडले. वाडग्यात दोन सफरचंदं, त्यातलं एक उष्टं. टेबलाखालून ढेकर आला.

"अगं, हिनं माझं चित्र खाल्लं!" मी किंचाळले.

"रंगासकट?" लेक त्याहून मोठ्यानं किंचाळली आणि फोन बंद!

पाचला दार उघडलं तर धापा टाकत लेक आणि तिच्या मागे ते गृहस्थ. लेकीनं थेट टेबलाखाली सूर मारला. "जीभ दाखव! आ कर! निळा खाल्लास की हिरवा?"

"पिवळा," भिंगरी म्हणाली. "सोलून."

इकडे गृहस्थ चित्रासमोर खिळले होते. मी आडवी जाईपर्यंत उशीर झाला.

"एवढा रिकामा वाडगा... आणि हा दातांचा ठसा!" त्यांचा आवाज चक्क ओला झाला. "बाई, चित्र घेतलं! हे सुचलं कसं तुम्हाला?"

खरं सांगायला मी तोंड उघडलं, शपथ! पण तीन नकार आठवले. मी नजर खाली वळवली आणि म्हटलं, "आयुष्यानं शिकवलं."

"आजी," टेबलाखालून आयुष्य म्हणालं, "पुढच्या वेळी द्राक्षं मांड. पेरू कच्चा होता."