लय चालू हाय

आजपासून मोटर चालू करायला घरातल्या कुणीही विहिरीवर जायचं नाही, असं सिद्धूनं जाहीर केलं तेव्हा त्याचे चुलते दत्तोबा रानातून नुकतेच आले होते आणि पायांवर पाणी घेत होते. त्यांनी मान वर न करताच विचारलं, "मग कुनी जायचं?"

"कुनीच न्हाय, आबा. घरच्या ग्रुपवर 'चालू' लिवायचं, मोटर चालू. 'बंद' लिवायचं, बंद."

दत्तोबांनी दुसऱ्या पायावर पाणी घेतलं.

सिद्धू निमगाव केतकीचा. बारामती एमआयडीसीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत कामाला होता आणि रोज मोटरसायकलनं जाऊन-येऊन करायचा. नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं, पण तेवढ्यात त्याचं एक पक्कं मत झालं होतं. जगातल्या बहुतेक अडचणी कुणीतरी नीट कोड न लिहिल्यामुळं आहेत, आणि तो आता आलेला आहे. त्यानं स्टार्टरच्या पेटीत एक यंत्र बसवलं, ते फोनवरच्या ग्रुपला जोडलं, आणि कुणी उगाच हात लावू नये म्हणून पेटीला चांगलं दणकट कुलूप घातलं. दत्तोबांनी किल्ली मागितली, तर हा हसला. आता किल्लीचं कामच काय, म्हणाला, आणि ती खिशात टाकून कामाला निघून गेला.

कंपनीत त्याच्या वरिष्ठ निकिता मॅडम होत्या. त्यांनाही त्यानं मोटरचं कौतुक ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "चालतं हे कळलं. चुकलं तर थांबवायचं कसं?" सिद्धूनं तिथल्या तिथं 'बंद' लिहून मोटर थांबवून दाखवली. हे सगळं ठीक असतानाचं झालं, मी चुकल्यावरचं विचारतेय, असं मॅडम म्हणाल्या. सिद्धूनं जोरात मान हलवली. प्रश्न कळला नाही की माणूस जरा जास्तच जोरात मान हलवतो.

घरी मात्र पहिल्याच आठवड्यात कुरबुर सुरू झाली. यंत्राला नेमका 'चालू' एवढाच शब्द लागायचा, आणि आपल्याकडं कुणी एका शब्दात थांबतं का? सिद्धूचे वडील दादासाहेब लिहायचे, "मोटर चालू कर रे." दत्तोबांच्या कारभारीण कुशाबाईंना लिहायला यायचं नाही. त्या फोनला सांगायच्या आणि फोन लिहून घ्यायचा, "बाळा, तेवढी मोटर चालू कर बरं का." यंत्र ढिम्म. नुसतं 'चालू' म्हण गं काकी, असं सिद्धूनं समजावून पाहिलं. पण असं तुटक बोलायची आपली रीत नाही, यंत्र असलं म्हणून काय झालं, असं कुशाबाईंचं म्हणणं पडलं. शिवाय ते मेलं उलटून हूं की चूं करत नाही, ही त्यांची दुसरी तक्रार.

शेवटी शुक्रवारी सकाळी, चहाचा कप एका हातात धरून, सिद्धूनं दोन बदल केले. निरोपात कुठंही 'चालू' दिसलं की मोटर चालू. आणि काम झालं की यंत्रानं अदबीनं उत्तर द्यायचं. एकेक ओळच तर बदलायची होती. तेवढ्यासाठी काय तपासत बसायचं, म्हणून त्यानं गाडीला किक मारली.

त्या दिवशी रानात दत्तोबांचा कांदा होता. अख्खा हंगाम पोटच्या पोरासारखा सांभाळलेला, काढून पातीसकट वाळत घातलेला. तो बघायला दुपारी व्यापारी येणार होता. कांदा उचलला की संध्याकाळी त्याच रानाला पाणी द्यायचं, म्हणून दत्तोबांनी पाइपचा कॉक आधीच तिकडं फिरवून ठेवला होता. मोटर तेवढी बंद होती. भिजलेला कांदा सडतो, टिकत नाही. त्यामुळं त्या दुपारी मोटर बंद असण्यावरच घराचं सगळं अवलंबून होतं.

दर शुक्रवारी दुपारी कंपनीत जो तो आपलं काम सगळ्यांना दाखवायचा. सिद्धूनं घरचा ग्रुप भिंतीवर मोठा करून लावला आणि भिंतीला पाठ करून बोलायला उभा राहिला. खेड्यातल्या माणसाला सोपं वाटेल असं करणं हेच खरं तंत्रज्ञान, असं काहीतरी वाक्य त्यानं वाटेत जुळवून ठेवलं होतं. ते अर्ध्यावर आलं, आणि तिकडं व्यापारी गोड गोड बोलून कांदा बघायला रानाकडं वळला, तशा सावध झालेल्या कुशाबाई पडवीच्या कोपऱ्यात जाऊन फोनशी हळूच बोलल्या. भिंतीवर अक्षरं उमटली, "ह्यो व्यापारी लय चालू हाय. जपून बोला."

खाली लगेच उत्तर आलं, "मोटर सुरू झाली आहे. धन्यवाद."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरची माणसं आपणहून वापरतायत, म्हणून सिद्धूनंही किंचित मान लववली. मग तो मागं वळला.

तोवर दादासाहेबांचा निरोप आला होता, "मोटर कुणी चालू केली? कांदा भिजंल. बंद करा." यंत्रानं त्यातलं 'चालू' आधी वाचलं. "मोटर सुरू झाली आहे. धन्यवाद." पाठोपाठ कुशाबाई, "आरं चालू कशाला केली, बंद कर की बाळा." पुन्हा तेच. घरचे जितके कळवळून सांगत होते, तितक्या नम्रतेनं यंत्र त्यांचे आभार मानत होतं.

सिद्धूनं घाईघाईनं फक्त 'बंद' लिहिलं. उत्तर आलं, "मोटर बंद झाली आहे. पुन्हा हवी असल्यास 'चालू' असे लिहा. धन्यवाद." त्यानं सुटकेचा श्वास सोडला. आणि यंत्रानं स्वतःचंच वाक्य वाचलं. त्यात 'चालू' होतं.

"मोटर सुरू झाली आहे. धन्यवाद."

आता कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. घाबरून सिद्धूनं सगळा प्रोग्रामच बंद करून टाकला. भिंत शांत झाली.

"मोटर थांबली?" निकिता मॅडमनी विचारलं.

"प्रोग्राम थांबला," सिद्धू म्हणाला. मोटर चालूच होती, आणि आता तिला 'बंद' सांगणारंही कुणी उरलं नव्हतं. त्याचा हात खिशाकडं गेला. किल्ली तिथंच होती.

"जा," मॅडम म्हणाल्या.

बारामतीपासून गावापर्यंत रस्त्यात उसाचे ट्रॅक्टर आडवे येत राहिले आणि प्रत्येकामागं सिद्धूला विचार करायला वेळ मिळत गेला. त्याच्या कोडमध्ये तशी एकही ओळ चुकीची नव्हती. चालू म्हटलं की चालू, बंद म्हटलं की बंद. फक्त आपली माणसं चालू हा शब्द कशाकशासाठी वापरतात, हे त्यानं विचारलं नव्हतं. विचारायला लांब जायचं होतं असंही नाही. रोज संध्याकाळी तीच माणसं त्याच्या ताटात भाकरी वाढत होती. त्याला फार वाईट वाटलं.

विहिरीवर दत्तोबा पहार घेऊन पेटीशी झगडत होते. पेटी चेपली होती, कुलूप मात्र जागचं हललं नव्हतं. सिद्धूनं दुकानातलं सगळ्यात चांगलं बघून आणलं होतं ना! त्यानं ते उघडून लाल बटण दाबलं. मोटर थांबली.

पाणी कांद्यात फार शिरलं नव्हतं. कॉकच्या सगळ्यात जवळ उभा होता तो व्यापारी. पाण्याचा आवाज ऐकून त्यानं बूट घातलेलेच पाय चिखलात टाकून कॉक उसाकडं फिरवला होता. आता तो विजार गुडघ्यापर्यंत दुमडून पडवीत बसला होता, आणि कुशाबाई त्याला खाली मान घालून दुसऱ्यांदा चहा ओतत होत्या. कशामुळं मोटर सुरू झाली, ते त्याला कुणीही सांगितलं नाही. कोरडा माल त्यानं नेला. दोन वाफे भिजले होते, ते सगळ्यांनी मिळून वेचले. सिद्धू ऑफिसच्या शर्टातच वाफ्यात वाकला होता.

"चुकलं, आबा," तो शेवटी म्हणाला आणि किल्ली पुढं केली.

दत्तोबांनी ती करगोट्याला अडकवली. "चुकायचंच. आमी काय चुकत न्हाय व्हय? पर आमी कॉक हाताशी ठिवून चुकतो."

निकिता मॅडम काय विचारत होत्या, ते सिद्धूला तेव्हा कळलं. या खेपेला त्यानं मान हलवली नाही.

जेवणं झाल्यावर त्यानं सगळ्यांना पडवीत बसवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा कोड लिहायच्या आधी विचारलं. मोटर सुरू करायला असे शब्द हवेत, की ते या घरात कुणाच्या तोंडून चुकूनही निघणार नाहीत. कुशाबाईंनी एका सोयऱ्याचं नाव सुचवलं. दादासाहेब म्हणाले, ते तर भांडताना रोज निघतं. दत्तोबा सुपारी कातरत होते. कातरता कातरता म्हणाले, "'सिद्धू लय हुशार' असं ठिव."

सिद्धूनं तेच ठेवलं. तेव्हापासून मोटर चुकून एकदाही चालू झालेली नाही.